दोह्यातला चुकलेला रविवार

पाळकाला प्रार्थना करता येईनाशी झाली, हे एवढं साधं वाक्य कागदावर उतरवायला मला दीड वर्ष लागलं. आचाऱ्याने आपल्याला भूक लागत नाही म्हणून सांगत फिरावं, तसलाच हा प्रकार. सांगणार कोणाला? बिशपसाहेबांना सांगावं तर ते हवापालट सुचवणार, डॉक्टरांना सांगावं तर ते रक्त तपासणार. म्हणून गप्प राहिलो, आणि गप्प राहणं हा माझा स्वभाव नसल्यामुळे त्याचा त्रास दुप्पट झाला.

मी नगर जिल्ह्यातल्या एका लहान गावचा निवृत्त पाळक. आमची मंडळी जुन्या वळणाची. पांढरा झगा, गळ्यात पट्टा, छापील प्रार्थनापुस्तक, दगडी देऊळ (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो), आणि रविवारी सकाळी साडेआठला दुसरी घंटा. इथे तिथे बदल्या होत शेवटची अठरा वर्षं मी त्याच देवळात काढली. लग्नं लावली, बाप्तिस्मे दिले, कित्येकांच्या कबरीशी उभा राहिलो, आणि उपदेश तर विचारूच नका. माझा उपदेश सुरू झाला की मागच्या बाकावरच्या बायका घरी जाऊन भाताला आधण ठेवून परत येतात, असं माझी पत्नी सरोज चारचौघांत सांगते. ती शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे तिला वाटेल ते चारचौघांत सांगायची सवय आहे.

निवृत्तीच्या दिवशी मंडळीने शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि मी देवळाच्या किल्ल्या नव्या पाळकांच्या हाती दिल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखा प्रार्थनेला बसलो आणि शब्दच येईनात. देव आहे की नाही, असली शंका नव्हती. तो होता, समोर बसलेला होता म्हणा ना, पण त्याच्याशी काय बोलावं ते मला कळेना. कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्याला एक दिवस स्वतःचा अर्ज लिहायला सांगावा, तशी गत झाली. चाळीस वर्षं मी आजाऱ्यांसाठी, परीक्षेला बसलेल्यांसाठी, भांडलेल्या भावांसाठी मागत आलो. आता मागायला कोणी येत नव्हतं, आणि माझं स्वतःचं असं काही मागणं असतं हे मी पार विसरून गेलो होतो. पुस्तकातल्या प्रार्थना वाचायचो, पण आवाज माझाच मला सभेत बोलल्यासारखा ऐकू यायचा. मग खोकल्याचं निमित्त करून उठायचो. मला मनातून भीती वाटू लागली की ही आतली ओल आता कायमची सुकली, आणि मी मरेन तो असाच मुका मरेन.

अशा अवस्थेत आमच्या मुलीने, रूथने, आम्हाला तीन महिन्यांसाठी कतारला बोलावलं. जावई तिथे गॅसच्या कंपनीत इंजिनियर, रूथही नोकरी करते, आणि दोह्यातल्या फरीज बिन ओमरानमध्ये चौथ्या मजल्यावर त्यांचं घर. नऊ वर्षांची नात नओमी आमचं मराठी सगळं समजून घेते आणि उत्तर इंग्रजीत देते. सरोज तिथे आठवडाभरात रुळली. खालच्या किराणा दुकानातल्या मलबारी भाईशी तिची मैत्री झाली, सूक वाकिफच्या जुन्या बाजारात ती केशरवाल्याशी हिंदीत हुज्जत घालू लागली, आणि मी दुसऱ्यांदा चहा मागितला की ‘खलास’ म्हणून हात झटकू लागली. मी मात्र खिडकीशी बसून कुरकुरायचो. माझी सगळ्यात मोठी कुरकुर होती शुक्रवारची. तिथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून उपासनाही शुक्रवारी. शहराबाहेर सगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांना मिळून एक मोठं आवार आहे, तिथे शुक्रवारी जत्रेसारखी गर्दी लोटते. मी तीन शुक्रवार गेलो, मागच्या बाकावर बसलो, इंग्रजी गीतं म्हटली, आणि घरी येऊन म्हणालो, “प्रभू उठला रविवारी आणि हे लोक त्याला दोन दिवस आधीच भेटून येतात.” जावई बिचारा नुसता हसला. सरोज म्हणाली, “त्याला चालतं. तुम्हालाच चालत नाही.”

आता जे घडलं ते सांगतो. त्यात चमत्कार किती आणि माझा वेंधळेपणा किती, हे वाचणाऱ्याने ठरवावं.

पाळकाच्या घरची एक रीत असते. रविवारी पाळक तासभर आधी निघतो, कारण देऊळ उघडायचं, वेदी मांडायची, पेटीवाला आलाय की नाही बघायचं असतं. पाळकीणबाई मागून येतात. चाळीस वर्षं मी सरोजला “मी पुढे होतो गं” म्हणून निघालो आणि तिने न्हाणीघरातून “हो” म्हटलं. त्या सकाळी जावई, रूथ आणि नओमी कामावर-शाळेत गेल्यावर मला खुर्चीतच डोळा लागला. जाग आली तेव्हा नळाचा आवाज येत होता, सरोज आंघोळीला गेली होती, आणि माझ्या अंगात एकदम रविवार भरला. डोकं काय करत होतं देव जाणे, पण हातांनी पांढरा सदरा घातला, पाळकाची गळपट्टी लावली, प्रार्थनापुस्तक काखेत मारलं. मी ओरडलो, “मी पुढे होतो गं!” आतून “हो” आलं. खाली उतरलो, टॅक्सीला हात केला, आणि चर्चच्या आवाराचं नाव सांगून मागे टेकून बसलो. वाटेत उपदेशाचे मुद्देसुद्धा जुळवू लागलो होतो, हे कबूल करतो.

आवाराच्या फाटकाशी मला उतरवून टॅक्सी निघून गेल्यावर मी पाहिलं तर चिटपाखरू नाही. नेपाळी पहारेकरी उठून उभा राहिला आणि अदबीने म्हणाला, “सर, आज तो संडे है. प्रेयर फ्रायडे को होता है.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वार चुकला नव्हता, वार बरोबर रविवारच होता. देश चुकला होता. मला आधी हसू आलं आणि लगेच घाम फुटला. फोन घरी राहिला होता. शुक्रवारी इथे टॅक्स्यांची रांग असते, आज रस्ता ओस पडलेला. रूथचा नंबर मला पाठ नाही. मला पाठ आहेत ती स्तोत्रं, आणि स्तोत्रं लावून फोन लागत नाही. पहारेकऱ्याने मला सावलीत खुर्ची दिली, पाण्याची बाटली दिली. मी पुस्तक मांडीवर ठेवून बसलो आणि मनात म्हटलं, म्हाताऱ्या, तुझी निवृत्ती आता पुरी झाली. वयाने डोकंही परत मागितलेलं दिसतंय.

थोड्या अंतरावर एक पांढरी पिकअप उभी होती आणि तिच्या सावलीत एक माणूस उकिडवा बसला होता. पस्तिशीचा, काळासावळा, पायात रबरी बूट. तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. मग उठून जवळ आला. त्याच्या कपड्यांना मासळीचा वास येत होता.

“साहेब,” तो पुस्तकाकडे बोट करून म्हणाला, “हे पुस्तक आमच्या गावच्या देवळात हाय. तुमी मराठी हाव का?”

मी हो म्हटल्यावर तो माझ्या पायाशी मटकन खाली बसला. त्याचं नाव दावीद, गाव जालन्याकडचं. अल रुवैस म्हणून उत्तरेला लहानसं बंदर आहे, तिथून तो बर्फातली मासळी गाडीत भरून दोह्याला आणतो. शुक्रवारी मासळीला सगळ्यात जास्त गिऱ्हाईक, म्हणून त्याला शुक्रवारची सुट्टी कधी नाही. त्याची सुट्टी रविवारी. चार वर्षांत त्याला एकही उपासना मिळालेली नव्हती. सुट्टी असली आणि दोह्याला येणारं कोणी भेटलं की तो या बंद फाटकापाशी यायचा, तासभर बसायचा आणि परत जायचा. आज मित्राकडून त्याची मासळीची गाडी मागून आला होता.

“मग कोणी भेटणार नाही हे ठाऊक असून कशाला येतोस?” मी विचारलं.

“खोलीवर बसवत न्हाई साहेब. आज तर मुळीच न्हाई.” मग त्याने सांगितलं. त्याची सहा वर्षांची मुलगी, करुणा, हिच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. पायाच्या शिरेतून नळी घालून डॉक्टर त्या छिद्राला बारीकशी छत्री बसवणार होते. याला गावी जायची रजा पुढच्या महिन्यात मिळायची होती, पण बाहेरगावाहून फक्त रविवारी येणाऱ्या डॉक्टरांची तारीख आधी आली. आज, भारतातल्या अकरा वाजता, म्हणजे इथल्या साडेआठला, मुलीला आत नेणार होते. मी पहारेकऱ्याच्या चौकीतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आठ वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

“रुवैसहून निघाल्यापासून एकच मागत व्हतो,” दावीद म्हणाला, “कुनीतरी आपल्या भाषेत प्रार्थना करनारं भेटू दे. आन तुमी तर पाळकसाहेबच निघालात. करा साहेब. येळ झालाय.”

त्याने टोपी काढली, डोळे मिटले, हात जोडले. पहारेकरीही उठून उभा राहिला. मी उभा राहिलो, घसा साफ केला, तोंड उघडलं.

काहीच आलं नाही. अशा प्रसंगी म्हणायच्या प्रार्थना मला झोपेतून उठवलं तरी म्हणता येतात, पण जिभेवर एक शब्द चढेना. मी पुस्तक उघडलं तर अक्षरं दिसेनात, कारण चष्मासुद्धा घरीच राहिला होता. ती दोन-तीन मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी मिनिटं. एका बापाने वाळवंटात मागून मागून एक पाळक मिळवला होता आणि तो पाळक आतून रिकामा निघाला होता. शेवटी मी खुर्चीत बसलो आणि जे सरोजलाही सांगितलं नव्हतं ते या परक्या माणसाला सांगून टाकलं. “दावीद, मला माफ कर. मला प्रार्थना येत नाही. दीड वर्ष झालं. मी प्रयत्न करतो, पण होत नाही.”

मला वाटलं त्याचा चेहरा पडेल. त्याने नुसती मान हलवली, जणू मी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं होतं. “आसं व्हतं कधी कधी,” तो म्हणाला. “मंग मी करतो. तुमी बसा. तुमी निस्तं आमेन म्हना.”

आणि त्याने सुरुवात केली. तशी प्रार्थना मी कोणत्याही पुस्तकात वाचलेली नाही. आठवते तेवढी लिहितो. “देवा, तुला समदं ठाऊक हाय, तरी सांगतो. पोरगी आता आत जाईल. तिला उजव्या कुशीवर झोपायची सवय हाय, उतानी झोपवली तर ती घाबरती, तेवढं बघ. डॉक्टरानं सकाळी न्याहारी केलेली आसू दे, त्याचा हात हलू देऊ नको. तिची आई बाहेर एकटी बसलीय, तिच्याजवळ तू बस, मला यायला जमलं न्हाई. आन हे साहेब. म्हातारं मानूस, त्यांना तू एवढ्या लांबून माझ्यासाठी आनलंस. त्यांच्यापाशी फोन न्हाई, घरची मानसं घाबरी झाली आसतील, त्यांना धीर दे. त्यांच्या आत काय आडलंय ते मला कळत न्हाई, तुला कळतंय. ते मोकळं कर. येशूच्या नावानं मागतो.”

मग तो थांबला. मी डोळे उघडून पाहिलं तर तो एक डोळा किलकिला करून माझ्याकडे बघत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पुढचा शब्द माझा होता.

“आमेन,” मी म्हटलं. आणि मला रडू कोसळलं. इतकी वर्षं मी प्रार्थना केल्या आणि लोक आमेन म्हणाले. माझ्या देखत, माझ्यासाठी कोणी देवाजवळ मागतंय आणि मी फक्त होकार देतोय, असं याआधी घडल्याचं मला आठवेना. नेपाळी पहारेकऱ्याने घाईघाईने आणखी एक पाण्याची बाटली आणून दिली. ऊन लागलं असावं, असं त्याला वाटलं.

दावीद म्हणाला, चला, तुम्हाला घरी सोडतो. मी म्हटलं, हॉस्पिटलचा फोन आल्याशिवाय मी इथून हलत नाही. मग आम्ही पिकअपमध्ये एसी लावून बसलो. त्याने जवळच्या टपरीवरून कडक दुधाचा करक चहा आणला, पिशवीतली खुबूस रोटी काढली, मोडून अर्धी मला दिली, अर्धी स्वतः घेतली. गाडीला मासळीचा वास इतका होता की चहालाही तो लागला, पण त्या दिवशी मला तो गोड लागला. त्याने मला त्याच्या बंदराच्या गोष्टी सांगितल्या. तिथले कोळी कुठून कुठून आलेले, बर्फ वितळला की मुकादम कसा “यल्ला, यल्ला” म्हणून घाई करत जीव खातो, एकदा गाडीचं मागचं दार उघडं राहून अर्धा रस्ता कसा मासळीने भरला. मी त्याला आमच्या देवळातला पेटीवाला लग्नात चुकून मर्तिकाचं गीत वाजवू लागला होता ती गोष्ट सांगितली. आम्ही दोघे हसत होतो आणि दर हसण्यानंतर त्याचा हात फोनकडे जात होता.

साडेदहाच्या सुमारास फोन वाजला. दावीदला तो घेववेना. “तुमी घ्या साहेब,” म्हणून त्याने फोन माझ्या हातात कोंबला. मी हॅलो म्हटल्यावर पलीकडून बाई दचकून म्हणाली, “कोन बोलतंय?” मी म्हटलं, “बाई, मी पाळक आहे. दावीद शेजारीच बसलाय. सांगा.” ती रडत होती की हसत होती ते पहिल्यांदा कळेना. मग म्हणाली, “छत्री नीट बसली. पोरगी डोळे उघडून पानी मागतीय.”

मी फोन दावीदच्या कानाला लावला आणि गाडीतून खाली उतरलो, कारण त्या दोघांचं बोलणं त्यांचं होतं. उन्हात उभा राहून मी वर पाहिलं आणि बोलू लागलो. मोठ्याने बोलत होतो, हे मला नंतर कळलं. काय बोललो ते मला आता सांगता येणार नाही. मुद्दे नव्हते, क्रम नव्हता. मुलीबद्दल होतं, चहाबद्दल होतं, दीड वर्षाच्या मुकेपणाबद्दल तक्रारही होती. कधीतरी आमेन म्हटलं तेव्हा शेजारून आणखी दोन आमेन आले. एक दावीदचा आणि एक पहारेकऱ्याचा.

घरी पोचलो तर इमारतीखाली किराणा दुकानासमोर सरोज, ऑफिसमधून धावत आलेली रूथ आणि मलबारी भाई, तिघंही रस्त्याकडे डोळे लावून उभे. मासळीच्या गाडीतून गळपट्टी लावून उतरणारा मी त्यांना दिसलो. सरोजने आधी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, सगळं जागेवर आहे याची खात्री केली आणि मग जे तोंड सोडलं ते चौथ्या मजल्यापर्यंत सोडलंच. दावीद निघू लागला तर त्यालाही तीच दटावणी. “तू कुठे चाललास? हात धू आणि जेवायला बस.” तो पोटभर जेवला, मुलीचा फोटो सगळ्यांना दाखवला, आणि दुपारी रुवैसला गेला.

तो गेल्यावर रूथ परत कामावर गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. मी सरोजला सगळं सांगितलं. फाटक, दावीद, त्याची प्रार्थना, आणि शेवटी ते दीड वर्षाचं गुपितही. मान खाली घालून सांगितलं. माझी अपेक्षा होती की ती रागावेल, निदान तिला धक्का बसेल. ती भाजी निवडत होती. तिने हात थांबवला नाही.

“मला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “चाळीस वर्षं शेजारी गुडघे टेकतेय. तुम्ही प्रार्थना करता की खोकता, एवढं मला कळत नाही का?”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलून काय होणार होतं? तुम्ही मला उपदेश केला असता. मी आपलं माझं झालं की तुमच्या वाट्याचंही म्हणून घेत होते. रोज. आता तुमचं तुम्ही म्हणा, मला माझंच पुष्कळ आहे.”

पुढे होऊन तिच्या समोरची अर्धी भाजी ओढून घेतली आणि निवडायला बसलो.

देवाच्या हाती सोपवा, असं मी मंडळीला इतक्या वेळा सांगितलं की ते वाक्य झिजून गुळगुळीत झालं असेल. सोपवणाऱ्यांत मी स्वतःला कधी धरलंच नव्हतं. मला वाटायचं, मी दोर ओढतो म्हणून घंटा वाजते. ज्या दीड वर्षात मी एक शब्द बोललो नाही, त्या दीड वर्षात माझ्या नावची प्रार्थना एक दिवसही चुकली नव्हती, आणि जिथे मी चुकून गेलो तिथेही एक माणूस ती करायला आधीच येऊन बसला होता. याबद्दल देवाचे आभार कसे मानावेत ते मला अजून नीट जमत नाही. पण आता जमत नसलं तरी मी उठून जात नाही. सरोजच्या शेजारी बसून राहतो, आणि ती थांबली की आमेन म्हणतो.